पालथी पाटी

चुकीची पाटी मी आजवर तीनदा कोरली. पहिल्या दोन चुका गिऱ्हाइकाच्या होत्या, सहीचे कागद आहेत माझ्याकडे. तिसरी माझी. तिचे पैसे मी लावले नाहीत, तरी ती डोक्यातून जात नाही.

ठाण्यात खोपटला माझं दगडावर अक्षरं कोरायचं दुकान आहे. सोसायट्यांची नावं, कोनशिला, देवळातल्या देणगीदारांच्या याद्या, कबरींवरचे दगड. लोकांना वाटतं छिन्नी-हातोडी असेल. ती वडिलांची. मी कॉम्प्युटरवर मजकूर लावतो, मशीनवर रबरी फिल्म कापून घेतो, ती ग्रॅनाइटला चिकटवतो आणि कॉम्प्रेसरच्या हवेनं खरखरीत पावडर मारतो. फिल्म उचललेली असेल तेवढाच दगड खाल्ला जातो. दीड-दोन मिलिमीटर खोल गेलं की थांबायचं आणि फिल्म सोलायच्या आधी सोनेरी रंग मारायचा. सांगायला सोपं आहे. देवनागरीत खरी परीक्षा अक्षराच्या पोटात असते. ‘ब’च्या पोटात तिरकी रेघ, म्हणजे फिल्मचे दोन चिमुकले तुकडे दगडाला धरून राहायला हवेत. हवा जरा जास्त झाली की एक उडतो आणि ‘ब’चा डाग होतो. ‘बिशप’ हा शब्द एका पाटीवर दहा वेळा असेल तर वीस तुकड्यांवर जीव टांगलेला. इंग्रजीवाल्यांना यातलं फार कमी सोसावं लागतं आणि भाव मात्र तोच लावतात.

गेल्या पावसाळ्यानंतर ठाण्याजवळच्या एका जुन्या गावठाणातल्या चर्चचं काम आलं. सणाच्या रविवारी पाटीचं अनावरण करायचं होतं. मथळा ‘आपल्या धर्मग्रामाचे महागुरुस्वामी’. महागुरुस्वामी म्हणजे बिशप, धर्मग्राम म्हणजे एका चर्चचं गाव, आणि अशा सगळ्या गावांचा मिळून धर्मप्रांत. १८८६ पासून आजपर्यंतची नावं आणि सालं हवी होती, मराठीत. फादर सज्जन, पण नवीन बदलून आलेले. कारभार कमिटीकडे. कमिटीचा मला जो काही अनुभव आहे तो असा, की सह्या पाच जणांच्या असतात आणि मजकूर कुणीच वाचलेला नसतो.

माझ्याकडे दोन कागद आले. एक सेक्रेटरीनं मोबाइलवर पाठवलेला, टाइप केलेला. दुसरा गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेच्या हातचा, वहीचं पान फाडून लिहिलेला. त्यांना सगळं गाव टीचर म्हणतं, मीही टीचरच म्हणणार. वय ऐंशीच्या पुढे, अक्षर असं की फिल्मवर तसंच उतरवावं.

१९२८ पासून खाली दोन्ही याद्या सारख्या होत्या. लिमा, रॉबर्ट्स, व्हॅलेरियन ग्रेशियस, पिमेंटा, इव्हान डायस, ओस्वाल्ड ग्रेशियस आणि २०२५ पासून जॉन रॉड्रिग्ज. भांडण वरच्या भागात होतं. टाइप केलेल्या यादीत १८८६ ला पोर्टर, १८९१ ला डालहॉफ, १९०७ ला युर्गेन्स, १९१९ ला गुडियर. टीचरच्या कागदावर यांतला एकही नाही. तिथे १८८७ ते १९०० आंतोनियो पेद्रो द कोस्टा, १९०० ते १९२५ सेबास्तियाव जुझे परेरा, मग एक कोरी ओळ, मग एकदम १९२८ आणि लिमा.

सेक्रेटरीला फोन केला. तो ऑफिसच्या मीटिंगमध्ये. “काका, तुम्हीच बघून घ्या ना, गूगलवर आहे सगळं.”

मी बघून घेतलं. मुंबईच्या आर्चबिशपांची, म्हणजे थोरल्या बिशपांची, यादी टाइप केलेल्या कागदाशी तंतोतंत जुळत होती. एका गावाला एकाच वेळी दोन बिशप कसे असतील? शिवाय टीचरच्या यादीत तीन वर्षांची फट. मी ठरवून टाकलं की म्हातारपणी नावांची सरमिसळ झाली असणार. खरं सांगायचं तर गिऱ्हाइकाची चूक पकडायची मला खोड आहे. ठाण्यातल्या निदान डझनभर सोसायट्यांवर ‘आशीर्वाद’ बरोबर लिहिलंय ते माझ्यामुळे. कागदावर ‘आर्शिवाद’च येतो. त्या खोडीचा अभिमान इथे आडवा आला. कारण टाइप केलेल्या यादीतही १९१६ ते १९१९ अशी फट होती, ती माझ्या डोळ्यांना दिसली आणि मी सोडून दिली. टाइप केलेल्या कागदाला जी माफी मिळाली ती वहीच्या पानाला मिळाली नाही.

गुरुवारी दुपारी पाटी पोचवली. जेट ब्लॅक ग्रॅनाइट, तीन बाय चार फूट, चार माणसांनी उचलायची. एकही ‘ब’ फुटला नव्हता. व्हरांड्यात भिंतीला टेकवून फडक्यानं पुसत होतो तेवढ्यात टीचर आल्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी बोटानं एकेक ओळ चाचपली. डालहॉफवर बोट थांबलं.

“हे कोण?”

“मुंबईचे आर्चबिशप, टीचर.”

“मुंबईचे होते. आमचे कधी होते?”

मी सालं सांगायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं, शाळेत ऐकत असतील तसं, आणि म्हणाल्या, “चल मागे.”

मागे म्हणजे फादर मिस्साचे झगे चढवतात त्या खोलीच्या पलीकडे, झाडू-बादल्या ठेवायच्या बोळात. तिथे एक संगमरवरी फरशी भिंतीला उभी होती. कोपरा फुटलेला, अंगावर चुन्याचे थरावर थर. जुन्या शिशाच्या अक्षरांचं काम. ही पद्धत आमच्याकडे आता कुणी करत नाही. अक्षराची उथळ खाच काढायची, खाचेत तिरपी भोकं पाडायची, त्यांत शिसं ठोकून बसवायचं आणि वरून सपाट तासायचं. भोकं तिरपी अशासाठी, की शिसं आत अडकून राहावं. माझ्या वडिलांनी असे दोन-तीनच दगड केले, पण मला शिकवलं. या फरशीवरचं शिसं मात्र सगळं गेलेलं. “पोरांनी नेलं,” टीचर म्हणाल्या. “पागाला लावायला. आमच्या भावानंपण नेलंय.” पाग म्हणजे मासे धरायचं फेकजाळं, त्याच्या काठाला शिसं लागतं. खाडीकाठच्या गावात शिसं भिंतीत कशाला राहील!

खाचा चुन्यानं बुजलेल्या. उरली होती फक्त भोकं. टीचर म्हणाल्या, “माझे वडील हे वाचून दाखवायचे. मला आता दिसत नाही. तू वाच. तुझा धंदा आहे.”

मोबाइलची बॅटरी लावून फरशीच्या अगदी बगलेला धरली, म्हणजे उजेड दगडावरून घसरत जातो आणि बारीक खळगापण सावली टाकतो. मग ओल्या फडक्यानं पुसलं. अशी भोकं वाचायला एक चाल असते. प्रत्येक रोमन अक्षराची भोकं ठरलेल्या जागी पडतात, कारीगर उगाच जास्त पाडत नाही. ‘आय’ला दोन, एकाखाली एक. ‘ओ’ला चार, चारी दिशांना. ‘एम’ला पायाशी दोन, डोक्याशी दोन आणि मधल्या खोबणीत एक. मी खडूनं भोकं जोडत गेलो. पाचच अक्षरी शब्द होता. डी, ए, एम, ए, ओ. आणि दुसऱ्या ‘ए’च्या डोक्यावर, ओळीच्या बाहेर, शेजारी शेजारी दोन अगदी बारीक भोकं. आधी वाटलं दगडाचा दोष असेल. पण दोषाला तिरपं भोक नसतं. काडी घालून पाहिलं, दोन्ही तिरपी. ती पोर्तुगीजांची नागमोडी रेघ होती, जी उच्चार नाकात नेते. दामाँव. दमण.

वरच्या ओळीत परेरा निघाले. त्यांच्या आधी ‘आर्सेबिश्पु द क्रांगानोर’. साल १९ च्या पुढे फुटलेल्या कोपऱ्याबरोबर गेलेलं. मी उकिडवा बसलो होतो तो तसाच बसून राहिलो. माझीच विद्या वापरून बाईंनी मला खोटं पाडलं होतं.

मग त्यांनी सांगितलं, आणि नंतर मीही पडताळून पाहिलं, या वेळी नीट. पोर्तुगालच्या राजाला आपल्या मुलखात बिशप सुचवायचा हक्क पोपनं दिलेला होता, त्याला पाद्रोआदो म्हणत. मुंबई बेट पोर्तुगीजांनी इंग्रजांना दिलं, पण ठाण्यासकट साष्टी बेट आणि वसई स्वतःकडे ठेवली. १७२० साली इंग्रजांनी मुंबईतून पोर्तुगीज पाद्र्यांना काढलं आणि थेट रोमच्या हुकमतीतले कार्मेलाइट साधू आणले. खाडीच्या या बाजूला गोव्याच्या आर्चबिशपांचंच चालत राहिलं. १७३७ मध्ये ठाणं मराठ्यांकडे आलं, १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली, १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणं घेतलं. राज्यं बदलली तरी गावचा पाद्री गोव्याकडेच बघत होता. मुंबईत तर दोन्ही बाजू चर्चच्या चाव्यांवरून भांडल्या. १८५३ मध्ये माहीमला हार्टमन नावाचे रोमकडचे बिशप चर्चची दारं आतून लावून बसले आणि बाहेर पाद्रोआदोवाल्यांनी वेढा घातला. १८८६ मध्ये पोप तेरावे लिओ आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. मुंबईला आर्चबिशप मिळाले, आणि साष्टीतली जुनी पाद्रोआदो चर्चेस नव्या दमण धर्मप्रांतात गेली. दमणच्या बिशपांना मानाचा किताब क्रांगानोरच्या आर्चबिशपाचा, म्हणजे केरळातल्या कोडुंगल्लूरचा. हे सगळं १९२८ पर्यंत. तोवर मुंबईचे आर्चबिशप आगगाडीत बसून ठाण्याला आले असते तरी या गावात पाहुणेच ठरले असते.

आणि कोरी ओळ? परेरा १९२५ ला वारले. दमणची गादी पुन्हा भरलीच नाही, तीन वर्षांनी धर्मप्रांतच मोडला. मुंबईच्या यादीतली १९१६ ची फटही खरीच. डालहॉफ, युर्गेन्स हे जर्मन, जेझुइट संघाचे पाद्री, आणि पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मन जेझुइटांना मुंबईत राहू दिलं नाही.

१९२८ च्या करारात असं ठरलं होतं म्हणे, की मुंबईला आळीपाळीनं एक पोर्तुगीज आणि एक ब्रिटिश आर्चबिशप. म्हणून लिमांनंतर लिव्हरपूलहून आलेले रॉबर्ट्स. रॉबर्ट्सनी १९४६ पासून कारभार व्हॅलेरियन ग्रेशियस यांच्या हाती देऊन स्वतः बाजूला राहायला सुरुवात केली आणि १९५० ला पद सोडलं. आळीपाळी तिथेच संपली. ग्रेशियस १९५३ ला कार्डिनल झाले, भारतातले पहिले. ही गोष्ट सांगताना टीचरचा आवाज जरा बदलला, आणि मला डालहॉफबद्दल पुन्हा वाईट वाटलं.

“ठाण्याचा माणूस ना तू?” त्या म्हणाल्या. “१३२१ चं तरी माहीत आहे का?” नव्हतं. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांचे देह सोपाऱ्याला पुरणाऱ्या जॉर्डन नावाच्या डॉमिनिकन साधूनं नंतर ठाण्यातून पत्र लिहिलं, आणि १३२९ ला पोपनं त्यालाच कोल्लमचा बिशप नेमलं. भारतातला लॅटिन, म्हणजे रोमच्या, पंथाचा पहिला धर्मप्रांत. तलावपाळीला रोज चालायला जाणारा मी, पन्नास वर्षांत हे कानावर आलं नव्हतं.

संध्याकाळी दुकानात शेजारच्या टायरवाल्याला सगळं सांगितलं. तो मल्याळी. त्याला काहीच नवल वाटलं नाही. “आपला बिशप तर कल्याणला आहे,” म्हणाला. केरळातल्या कॅथलिकांच्या सीरो-मलबार पंथाचा कल्याण धर्मप्रांत १९८८ चा. म्हणजे आजही ठाण्यात एकाच इमारतीतल्या दोन कॅथलिक घरांचे बिशप वेगळे असू शकतात, आणि घोडबंदरची खाडी ओलांडली की तिसरे, कारण वसईचा धर्मप्रांत १९९८ ला मुंबईतून वेगळा झाला. हे मला कोरायच्या आधी विचारता आलं असतं. तो रोज दहा फुटांवर बसतो.

आता पाटी. ग्रॅनाइटवरचं अक्षर खोडता येत नाही. एपॉक्सी आणि दगडाची भुकटी भरून बुजवतात काही जण. सहा महिन्यांत ते राखाडी पडतं आणि खालचं नाव पुसट दिसायला लागतं, भुतासारखं. नवा दगड आणायला वेळ नव्हता. उरला तो एकच उपाय, जो धंद्यातला प्रत्येक जण करतो आणि कुणी कबूल करत नाही. दगड पालथा घालायचा. मागची बाजू खडबडीत असते. शुक्रवारी दिवसभर पोऱ्यानं आणि मी आळीपाळीनं घासून, पॉलिश मारून ती आरशासारखी केली. रात्री फिल्म कापली. पहाटे तीनला एका ‘ब’चा एक तुकडा उडाला, तो परेरांच्या ओळीत. तो मी वडिलांच्या छिन्नीनं सावरला. जवळून बघणाऱ्याला कळतं.

कोस्टा, परेरा, मग कोरी ओळ, मग लिमा. कोऱ्या ओळीवरून सेक्रेटरीनं आणि मी हुज्जत घातली. त्याला जागा वाया गेल्यासारखी वाटत होती, म्हणाला छोटा क्रॉस टाका, डिझाइन दिसेल. टीचर म्हणाल्या, त्या वर्षांत कोणी नव्हतं तर नव्हतं. मी मोकळी सोडली, इतर ओळींएवढीच, बत्तीस मिलिमीटर.

रविवारी पाटी भिंतीत बसलेली होती. पोर्टर, डालहॉफ, युर्गेन्स आणि गुडियर भिंतीकडे तोंड करून, सिमेंटमध्ये. फादरना मी खरं ते सांगितलं. ते हसले आणि कुणाला बोलले नाहीत. सेक्रेटरीला अजून माहीत नाही, त्याला वाटतं मी नवा दगड आणला, आणि त्यानं निरोप पाठवला की काका, जुना परत घेतलात तर थोडे कमी करा ना. टीचरनी आपलं वहीचं पान मागून घेतलं.

लोक येऊन वाचत होते, फोटो काढत होते. मी खांबाआड उभा. दोन बाप्ये आले, त्यातल्या एकानं कोऱ्या ओळीवर नखानं टकटक केलं आणि दुसऱ्याला म्हणाला, “बघ, इथला पेंटर एक नाव विसरला.”