३२ जीबी रॅम आणि तरी मेमरी संपली

मे महिन्यातली गोष्ट. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून सकाळीच फोन, "सर, डिझाईनचं मशीन परत बंद पडालंय की ओ, संध्याकाळी पार्टीला सॅम्पल पाठवायचंय." मशीन म्हणजे जेकार्डच्या (नक्षी विणणाऱ्या मागाच्या) डिझाईनचा कॉम्प्युटर, महिन्यापूर्वी मीच त्यात रॅम १६ची ३२ जीबी केली होती.

गेलो तर सॉफ्टवेअर मोठी फाईल उघडली की दोन मिनिटात आपोआप बंद, कधी "मेमरी कमी आहे" असा मेसेज. मला आधी नवीन रॅमवरच डाउट आला. पट्ट्या काढल्या, खोडरबरने घासल्या, स्लॉट बदलले, मेमरी टेस्ट लावली, त्यातच जेवायची वेळ झाली. टेस्ट एकदम क्लीन. डिझायनर दादा शेजारी उभा राहून घड्याळ बघतोय आणि मला काही सुचेना.

मग टास्क मॅनेजर (कोण किती मेमरी खातंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडा ठेवून पुन्हा तीच फाईल उघडायला लावली. वापरलेली रॅम २१ जीबी, १० जीबी सरळ मोकळी. पण खाली 'कमिटेड' म्हणून एक आकडा असतो, मी पण आजवर तिकडे कधी नीट बघितलं नव्हतं, तो ३१.४ / ३१.९, म्हणजे ३१.९ जीबीच्या मर्यादेपैकी ३१.४ संपलेले. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, २००४ नंबरची नोंद, व्हर्च्युअल मेमरी (रॅम आणि पेज फाईल मिळून) संपत आल्याची, आणि त्यात पहिलं नाव याच सॉफ्टवेअरचं. तेव्हा आठवलं, रॅम वाढवली त्याच दिवशी सी ड्राईव्ह भरला होता म्हणून मी पेज फाईल, म्हणजे रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाईल, बंद केली होती. एवढी रॅम असताना तिचं काय काम, असं वाटलं होतं.

दादाला असं सांगितलं, लग्नात जानवशाच्या खोल्या पाहुण्यांच्या नावावर धरून ठेवतो ना, पाहुणे अजून आले नाहीत, खोल्या रिकाम्या दिसतात, पण दुसऱ्याला देता येत नाहीत. प्रोग्रॅम मेमरी मागतो तेव्हा विंडोज असाच शब्द देतं, प्रोग्रॅमने ती वापरो न वापरो, आणि दिलेल्या शब्दांची बेरीज रॅम अधिक पेज फाईल याच्या पुढे जाऊ देत नाही. पेज फाईल म्हणजे बाजूला धरून ठेवलेला लॉज. तिथं बहुतेक कुणी राहायला जात नाही, पण तो आहे म्हणून सगळ्यांना हो म्हणता येतं. (लिनक्समध्ये हिशोब वेगळा आहे, ते सहसा ऐपतीपेक्षा जास्त शब्द देऊन बसतं आणि खरंच मेमरी संपली की एखादा प्रोग्रॅम मारून टाकतं. तिथं पण थोडं स्वॅप (लिनक्सची पेज फाईल) असलेलं बरं, कारण नुसतं पडून असलेलं सामान डिस्कवर गेलं की ती रॅम फाईल कॅशला, म्हणजे नेहमी लागणाऱ्या फाईली हाताशी ठेवायला, मिळते.)

सी ड्राईव्हवरच्या जुन्या फाईली डी वर टाकल्या, पेज फाईल 'सिस्टीम मॅनेज्ड' केली, म्हणजे तिचा आकार विंडोजच ठरवेल, रिस्टार्ट. तीच फाईल उघडली, कमिटेड ३६ जीबीच्या पुढे गेलं तरी सॉफ्टवेअर बंद पडलं नाही. गंमत म्हणजे पेज फाईलचा खरा वापर जवळपास शून्य.

साडेसहाला सॅम्पल गेलं. मालकांना स्वच्छ सांगितलं की चूक माझी होती, पैसे घेतले नाहीत. रॅम वाढवताना अशीच पेज फाईल मी आणखी तीन ठिकाणी बंद केली होती, त्यातलं एक होटगी रोडला, ते परत जाताना वाटेतच चालू करून आलो. उरलेल्या दोघांना रात्रीच फोन करून ठेवला, सकाळी येतोय म्हणून.