मावशीची एन्ट्री

शनिवार. म्हणजे खरं तर रविवार लागून पावणेतीन तास झाले.

झोप येत नाहीये. पाय गरम पाण्याच्या बादलीत, अंगात स्वेटर, आणि केसांना क्लबातल्या धुराच्या मशीनचा गोडसर वास. लिहूनच टाकते.

भाचा मला क्लबात घेऊन गेला तो काही मावशीच्या मायेपोटी नाही. पोट्टे तिघं, सोबत पोट्टी एकही नाही, आणि नागपूरच्या वर्धा रोडवरच्या त्या क्लबाच्या दारावर ‘स्टॅग’ला मनाई. स्टॅग म्हणजे बाईशिवाय आलेला पुरुष. त्यांची एक मैत्रीण येणार होती, तिला ताप आला. साडेनऊला याचा फोन. “मावशी, काय करून राहिली तू? काही नाही ना? मग चाल ना. फक्त गेटपर्यंत. मग कोपऱ्यात बस पाहिजे तर, मी कॅब करून देतो.”

तीन पोट्ट्यांमागे एक बाई चालते का, म्हटलं. तर म्हणे, “बाउन्सर ओळखीचा आहे. पण एक तरी लेडीज दिसली पाहिजे.”

चव्वेचाळिसाव्या वर्षी मी कुणाची तरी लेडीज. गेले.

निघताना ताईला फोन केला, कारण पोरगा तिचा. तिचा पहिला प्रश्न, “तो डान्स बार तर नाही ना गं?” ताईच्या डोक्यात अजून २००५ साल आहे. आर. आर. पाटलांनी बंदी आणली तेव्हा रोज पेपरात तेच असायचं. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, २०१९ला सुप्रीम कोर्टाने अटी बऱ्याच सैल केल्या, ते तिच्यापर्यंत पोचलेलं नाही. मी सांगितलं, तिथे बाया नाचतात आणि पुरुष पैसे देऊन बघतात. इथे पैसे देऊन आपणच नाचायचं. “म्हणजे आणखीनच मूर्खपणा,” ताई म्हणाली.

दारावर त्या तिघांचे पैसे घेतले, माझे नाही. मनगटाला गुलाबी कागदी पट्टी बांधली आणि ‘लेडीज फ्री’ म्हणून आत सोडलं. फुकट मिळाल्याचा आनंद पाच मिनिटं टिकला. मग डोक्यात आलं, गळाला लावलेल्या गांडुळालाही कोणी तिकीट लावत नाही.

झडती घेणाऱ्या बाईला पर्समध्ये माझे नारिंगी फोमचे बोळे सापडले. तिने एक उचलून नाकाला लावला, दिव्याखाली धरला. “ये क्या है?” म्हटलं, कान का है. तिचा विश्वास बसेना, म्हणून तिथेच चिमटीत वळून बारीक केला आणि कानात घालून दाखवला. भाचा तोवर दुसरीकडे बघत होता, जणू ही बाई आपली कोणी लागत नाही.

पण मी काय करू? सोळा वर्षं धंतोलीत लोकांचे कान तपासते आहे. काचेच्या खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचे, आवाज आला की बटण दाब म्हणायचं. हल्ली पंचविशीतल्या मुलांच्या आलेखात चार हजार हर्ट्झपाशी खड्डा दिसायला लागलाय, म्हणजे त्या पट्टीचं ऐकू कमी येतं. पूर्वी तो खड्डा कारखान्यातल्या माणसांचा असायचा. आत गेल्या गेल्या मोबाइलवर आवाज मोजला: १०१ डेसिबल. मोबाइलचा आकडा काही तंतोतंत नसतो, पण आमचा हिशेब सोपा आहे. ८५ असेल तर कानाला आठ तास चालतं, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. शंभराला पंधरा मिनिटं. त्या मुलांना तिथे तीन तास काढायचे होते. मी दोन्ही बोळे घातले आणि खांबाजवळ जाऊन उभी राहिले.

नाच म्हणाल तर कोणी नाचत नव्हतं. एका हातात ग्लास, दुसऱ्यात मोबाइल, त्यामुळे हलवायला उरले ते खांदे. मुली एकमेकींचे व्हिडिओ काढत होत्या, पाहून परत काढत होत्या. आमचे तिघं बिअरचे ग्लास धरून असे उभे, जसे लग्नात नवरदेवाचे मित्र फोटोला उभे राहतात. उंचावर डीजे, हेडफोनची एक वाटी कानावर आणि एक मानेवर. पुढचं गाणं तो आधी आपल्या एकट्याच्या कानात वाजवून बघतो, चालू गाण्याच्या ठोक्याला ते जुळेपर्यंत वेग कमीजास्त करतो, आणि मग हळूच आत सोडतो. एकातून दुसरं कधी झालं, कळत नाही. तासभर मी त्याची बोटंच बघत होते.

साडेबाराच्या सुमारास काहीतरी बदललं. फोमच्या बोळ्यांनी वरचे बारीक आवाज जास्त अडतात, खालचे जड ठोके त्यामानाने येतच राहतात. त्यामुळे गाण्याचे शब्द मला आधीपासूनच नव्हते, नुसता ठोका होता. आणि तो ठोका माझ्या ओळखीचा निघाला. अबे, हा तर संदल!

संदल म्हणजे उरुसात दर्ग्यावर चंदन न्यायची मिरवणूक. तिच्यापुढे वाजणारा ठोका नागपुरात सगळ्यांचा झाला. ताजबागचा उरूस असो, गणपती असो, देवी असो की वरात, पोट्टे म्हणतात संदल वाजव. धुमालवाल्यांचं, म्हणजे वरातीपुढे वाजवणाऱ्या पार्टीचं, ऑक्टोपॅड, की-बोर्ड, मागे ढकलगाडीवर भडभडणारा जनरेटर. इतवारीत आमचं घर रस्त्यावरच, वर लाकडी गॅलरी. खालून सगळं जायचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत जायची, म्हणजे इडापीडा घेऊन जाणारा मोठा पुतळा, त्यातली पिवळी तर १८८५ पासूनची, आणि तिच्यामागे घामाने निथळलेले, गुलालाने माखलेले पोट्टे. माझे दोन्ही भाऊ त्यात. आम्ही बहिणी वर, कठड्याला हात लावून. आई म्हणायची, “बघायचं तेवढं बघा, पण वाकू नका.” कठड्याखाली, कोणाला दिसणार नाही अशा बेताने, माझा पाय चालायचा. कुठे ठोका थांबणार, कुठे दोन मोकळे सोडून तिसऱ्यावर पडणार, सगळं पाठ. पंचवीस वर्षांचं पाठांतर, आणि परीक्षेला एकदाही बसू दिलं नाही. शाळेत लेझीम होतं म्हणा, पण त्याला शिट्टी होती आणि रांग होती.

इथे सगळ्या फ्लोअरचं रूपच पालटलं. मोबाइल खिशात गेले. मघाचे ते इस्त्रीचे पोट्टे बघता बघता जुन्या महाल वस्तीतले झाले. गुडघे वाकले, कोपरं बाहेर, एकाने तर तोंडात रुमाल धरला. भाचा ओरडला, “मावशी, ये ना!” दारावर मला न ओळखणारा तोच.

मी पर्स खांबापाशी ठेवली आणि उतरले.

कशी नाचले माहीत नाही. पाय मात्र एकदाही चुकला नाही. भाच्याचा एक मित्र मागे सरकला आणि म्हणाला, “अबे, मावशी बघ बे!” मी बघू दिलं. सात-आठ मिनिटं असतील. मग डीजेने पुन्हा ते बिनचेहऱ्याचं काहीतरी लावलं आणि सगळ्यांनी मोबाइल काढले.

बाथरूममध्ये एक पोरगी वॉशबेसिनच्या कट्ट्यावर बसून टाचेला चिकटपट्टी लावत होती, उंच सँडल शेजारी. “आँटी, तुम्ही तिकडे फ्लॅट चपलेत होत्या ना? हुशार आहे तुम्ही.” तिला उरलेले बोळे दिले. तिने ते लिपस्टिकशेजारी ठेवले. घालणार नाही, माहीत आहे मला.

दीडला दिवे लागले. दिव्यात ती जागा फारच लहान निघाली, आणि जमीन चिकट. मेट्रो कधीच झोपलेली. कॅब येईपर्यंत रस्त्यावर कुडकुडत उभे राहिलो, तिघं घसा बसलेल्या आवाजात बोलत होते. “कानात टीं वाजतंय,” भाचा म्हणाला. सोमवारी दवाखान्यात ये म्हटलं, तर हसला.

रविवार, संध्याकाळ

दुपारी ताईचा फोन. पोराने व्हिडिओ दाखवलाय. दोन मिनिटं रागावली, मग आवाज खाली आणून म्हणाली, “तो संदलच होता ना? मला ऐकूनच कळलं.” तिचाही पाय चालायचा का कठड्याखाली, हे मी विचारलं. तर म्हणे, “तुझ्या आधीपासून.”

बुधवारी बायकांना फुकट असतं. गांडूळ तर गांडूळ. ताईला गुडघ्याचा पट्टा शोधायला सांगितलाय.