बेत परतीपासून

आषाढातल्या चार सरी पडून गेल्या की अलिबागेत सगळ्यांना अचानक डोंगर दिसायला लागतात. एरवी ते तिथेच असतात, करडे, धुळकट, आणि कुणी त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पाऊस लागला की हिरवे होतात, अर्धे ढगात शिरतात आणि मग ग्रुपवर कुणीतरी टाकतं, "येत्या रविवारी जाऊया का?" एवढं विचारलं की त्या माणसाचं काम संपतं. पुढचं सगळं माझ्या गळ्यात पडतं, आणि तक्रार करण्यात अर्थ नाही, कारण मला ते मनापासून आवडतं.

लहान डोंगराला कुणी भीत नाही, ही त्याची खरी अडचण. आमचा सागरगड हजार-दीड हजार फुटांच्या आतबाहेरचा. पुरंदरच्या तहात द्याव्या लागलेल्या तेवीस किल्ल्यांत याचं नाव खेडदुर्ग म्हणून येतं, पण ट्रेकर मंडळींत त्याला फारसा भाव नाही. राजगड-रतनगड करून आलेला माझा भाचा म्हणतो, "मामी, हे काय, अर्ध्या दिवसाचं काम!" कोरड्या दिवसांत असेलही. पावसात मी उंची विचारातच घेत नाही. वाटेत पाणी कुठे कुठे आडवं येतं, तेवढं आधी बघते.

पायथ्याच्या खंडाळे गावातून चढायला लागलं की समोर धोंडाण्याचा धबधबा दिसतो. फोटोत तो फार देखणा येतो. पण ते पाणी खाली कुठेतरी जाणारच, आणि आपली वाटही तिथूनच. इथले ओढे आखूड आणि उताराचे. वर अर्धा तास जोरात कोसळलं की घोट्याएवढं पाणी बघता बघता गुडघ्याला लागतं, आणि वेगाचं गुडघाभर पाणी धडधाकट माणसाला आडवं करतं. गंमत म्हणजे आपल्या डोक्यावर तेव्हा चक्क उघडीप असू शकते. पाणी गढुळलं, काटक्या-पाला वाहत यायला लागला, आवाज जड झाला, की ओलांडायचं नाही. हे ओढे चढतात तसे उतरतातही लवकर. वरचा पाऊस ओसरला की तासा-दोन तासांत पुन्हा पाय टाकण्यासारखं होतं. म्हणजे करायचं काय, तर काठावर बसून राहायचं. आणि बसून राहायला वेळ हातात हवा. माझ्या सगळ्या बेताचं मूळ या रिकाम्या दोन तासांत आहे.

म्हणून मी बेत उलटा मांडते. खाली गावात परत किती वाजता? चार. जुलैत सूर्य सव्वासातनंतर मावळतो हे खरं, पण ढग आणि झाडं मिळून सहालाच अंधारून आणतात. ओढ्यासाठी राखलेला वेळ वजा करा. उतरायला निवांत दोन तास धरा, कारण ओल्या कातळावर उतरणं हे चढण्यापेक्षा सावकाशीचं काम आहे. तेव्हा बाराला मागे फिरायचं. त्या वेळी आपण सिद्धेश्वराच्या देवळाशी असू, सागरगडमाचीत असू किंवा किल्ल्यावर, जिथे असू तिथून. हे वाचून दरवेळी कुणीतरी विचारतं, "मग माथ्यावर कधी पोचायचं?" पोचलो तर पोचलो, असं उत्तर दिलं की नाराजी पसरते. सकाळी साडेसहाला चढायला लागू, हे त्याहून नावडतं.

पुढचं प्रकरण हवामानाचं. हवामान खात्याचं पत्रक वाचण्यात आपण सगळेच थोडे कच्चे. "तुरळक ठिकाणी मुसळधार" वाचून लोक म्हणतात, तुरळकच आहे, जाऊया. त्यातलं तुरळक हे जागांबद्दल आहे, पावसाबद्दल नाही: फार तर चौथा हिस्सा ठिकाणी पडेल, पण जिथे पडेल तिथे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर. डोंगर हा त्या चौथ्या हिश्श्यात असण्याचा संभव जास्त, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. समुद्रावरून आलेला ढग डोंगराला अडून वर चढतो, थंड होतो आणि तिथेच मोकळा होतो. म्हणून तर वर्षाचा पाऊस अलिबागेपेक्षा माथेरानला दुपटीच्या वर. शिवाय पावसाची मोजणी सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ अशी. त्यामुळे शनिवारचा आकडा मी उद्याच्या अंदाजासाठी बघत नाही, जमीन किती प्यायली आहे ते कळावं म्हणून बघते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हापासून सासूबाईही तो आकडा विचारतात. ती वाडी इर्शाळगडाच्या उतारावर होती.

मुंबईहून येणाऱ्यांचा वेगळा घोळ. गेटवेच्या लाँचा पावसाळ्यात बंद. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी रो-रो बोट येते, पण समुद्राने डोळे वटारले तर तिचाही भरवसा नाही, आणि पेणवरून यायचं तर वडखळची वाहतूक कोंडी कधी सोडेल ते सांगता येत नाही. भाच्याला मी आदल्या रात्रीच बोलावून घेते. आला की आधी त्याची जीन्स काढून ठेवायला लावते. भिजलेली जीन्स घालून डोंगर चढणं म्हणजे शिक्षा आहे.

छत्री की रेनकोट, यावर आमच्याकडे दोन तट आहेत. रेनकोटवाले आतून घामाने भिजतात आणि छत्रीवाले वाऱ्याने उलटे होतात. शेजारच्या काकू कशातच नाहीत. त्या डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधतात, साधी रबरी चप्पल घालून आमच्या पुढे चालतात आणि वाटेत टाकळा खुडतात. त्यांना मी बुटांबद्दल सांगायचं सोडून दिलं आहे. बाकीच्यांना मात्र नक्षी झिजलेले बूट आणू नका, आणि सुके कपडे पिशवीत गुंडाळून खालीच गाडीत ठेवा, एवढं बजावते. मोबाइलला दोन पिशव्या.

डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळे सुक्यावरच भागवायचं, आणि पुढे श्रावण लागला की तेही गेलं. निम्म्या लोकांना रविवारची घाई असते ती यासाठी, असा माझा संशय आहे. भाकरीचं एक बरं असतं, ओली झाली तरी खाता येते.

शनिवारी रात्री शेवटचा निरोप जातो. पावसाने दिवसभर दम घेतला असेल आणि अंदाजही साधा असेल तर सागरगड. हवामान खात्याचा यलो इशारा असेल आणि जमीन भिजून तुडुंब असेल तर मापगावहून कनकेश्वर. तिथे पायथ्यापासून वरच्या देवळापर्यंत दगडी पायऱ्या आहेत. शेवाळ धरतं ते कडांना. मधोमध चालणाऱ्यांची वर्दळ इतकी, की तिथे पाय बऱ्यापैकी ठरतो. श्रावणी सोमवार तेवढा टाळायचा. ऑरेंज किंवा रेड आला तर डोंगर नाही, आमच्या ओटीवर पत्ते आणि कांदाभजी.

या तिसऱ्या पर्यायाला ग्रुपवर सगळ्यात जास्त अंगठे येतात. भाचा तर हमखास विचारतो, "मामी, यलोला पण भजी चालतील ना?"