कापसाचा बोळा

ढब्बू परवा पुन्हा दाराच्या बिजागरीकडच्या फटीत नाक खुपसून उभा होता. दार सताड उघडं आणि हा भलत्याच बाजूला. हाक मारली तर शेपूट हलवली, पण बाहेर जायची वाट काही सापडेना. डॉक्टर म्हणाले, वय झालं, कुत्र्यांनाही म्हातारचळ लागतो.

चिंगी त्याच्याच वयाची, तेराव्यात. तिला मात्र दूधवाल्याची गाडी कोपऱ्यावर असतानाच कळते. चिंगी आमच्या जिन्याखाली जन्मली, दोन महिने आईच्या कुशीत लोळली. ढब्बू मला कॅनॉलच्या कडेला पोत्यात सापडला, डोळेसुद्धा उघडले नव्हते. दूध पाजणं सोपं होतं. पण एवढ्याशा पिल्लाला आपलं आपण शू-शी होत नाही, आईने पोटाला आणि शेपटीखाली चाटावं लागतं. म्हणून कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा घेऊन मी रात्री दोन-दोनला बसायचे. आई म्हणायची, "दहावीला एवढी जागली असतीस तर बोर्डात आली असतीस."

हे चाटणं किती मोठं प्रकरण आहे, ते एम.एस्सी.च्या सेमिनारला वाचलं होतं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि सहकाऱ्यांनी उंदरांची पिल्लं पहिले तीन आठवडे रोज पंधराएक मिनिटं आईपासून बाजूला काढून परत ठेवली. बस, एवढंच. ती दोन वर्षांची झाली, म्हणजे उंदरांत पार म्हातारी. तेव्हा त्यांना पाण्याच्या हौदात सोडलं. पाण्याखाली दडवलेला चौथरा या म्हाताऱ्यांना बरोबर आठवायचा. हात न लावलेले त्यांच्याच वयाचे उंदीर चाचपडायचे. त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमधल्या, म्हणजे आठवणी सांभाळणाऱ्या भागातल्या, पेशीही जास्त झडलेल्या निघाल्या. हे १९८८ सालचं.

गंमत अशी की जादू माणसाच्या हातात नव्हतीच. पिल्लू परत आलं की आई त्याला जास्त चाटायची. १९९७ मध्ये त्याच गटाने दाखवलं, की जास्त चाटणाऱ्या आयांची पिल्लं मोठेपणी घाबरली तरी त्यांचं ताणाचं हार्मोन लवकर खाली येतं. आणि ते हार्मोन वर्षानुवर्षं चढं राहिलं तर हिप्पोकॅम्पसचंच वाटोळं करतं. हे सगळं रक्तातूनच येतं म्हणावं, तर कमी चाटणारीची पिल्लं जास्त चाटणारीच्या पदरात टाकली, तेव्हा तीही धीट झाली.

ढब्बू जन्मभर कुकरच्या शिट्टीला पलंगाखाली जातो. दिवाळीत तर चार दिवस बाहेरच येत नाही. चिंगी फटाक्यांवर भुंकते, मग झोपते. आता दोन कुत्र्यांवरून सिद्धान्त मांडला असता तर आमच्या सरांनी सेमिनारमधूनच हाकललं असतं, आणि कुत्रा म्हणजे उंदीर नव्हे. पोत्यातले ते तास, भूक, थंडी, माझा बोळा, यातलं कुणी काय केलं ते कसं वेगळं काढणार? तरी बिजागरीपाशी तो दिसला की माझ्या बोटांना तो ओला कापूस आठवतो. जरा जास्त वेळ फिरवायला हवा होता का?

कालपासून त्या फटीत जुनी उशी कोंबून ठेवलीय. आज सकाळी ढब्बू उशीला नाक लावून उभा होता.