धुकेरीचं धुणं

वारीला वही नेऊ नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी नेली. दोनशे पानी. दोन वर्षांपासून तीत मी एक देश रचत होतो, धुकेरी नावाचा. जालन्यात टँकरच्या रांगेत वाढलेल्या माणसानं देश काढला की त्यात धुकं येणारच. तिथं नदी नाही, विहीर नाही, पाऊस नाही. धुकं छपरावरून निथळतं आणि दारापुढच्या दगडी कुंडीत साचतं. राजा नाही, सात कुळं आहेत. कुळागणिक अंगरख्याचा रंग वेगळा आणि मानाप्रमाणे काठाला गोंडे. सुताराला एक, न्यायाधीशाला पाच. नवरीच्या पदरावर मोर विणतात, पण उलटा (हा पैठणीवरून ढापलाय, लपवत नाही). मेलेल्याचं नाव वर्षभर घ्यायचं नाही. अशी ऐंशी पानं झाली होती.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर निघालो. नंतरचे दिवस एकमेकांत मिसळलेत. मिडसांगवी, पारगाव घुमरा, रिंगण, चिखल, पुन्हा रिंगण. कशानंतर काय ते विचारू नका. पहिल्या सरीनंतर काळी माती चपलांना अशी धरली की दर शंभर पावलांवर काडीनं खरवडावं लागायचं. आमच्या दिंडीतला एक टाळकरी पहाटे तीनला मोबाईलवर हरिपाठ लावायचा आणि स्वतः कुशीवर वळून घोरायचा. रथापुढं कोण आणि रथामागं कोण, यावरून दोन माळकऱ्यांची जुंपली तेव्हा मला आतून गुदगुल्या झाल्या. म्हटलं, गोंडे इथंही आहेत, दिसत नाहीत इतकंच. संध्याकाळी त्याच दोघांनी एका ताटात पिठलं-भाकरी खाल्ली. ते वहीत कुठं बसवावं, कळेना.

खर्डा आला नि गेला. १७९५ ची निजाम-मराठ्यांची लढाई इथलीच, माझ्या सात कुळांच्या युद्धासाठी तिथं बरंच टिपायचं ठरवलं होतं. ती संध्याकाळ आंघोळीच्या रांगेत गेली.

अनाळ्याहून परांड्याकडं निघालो त्या दुपारी डाव्या टाचेचा फोड लिंबाएवढा झाला होता. पाऊस उघडून ऊन पडलेलं, असं ऊन की वाफेनं श्वास कोंडावा. एका बाभळीखाली बसलो आणि खरं सांगतो, विठोबाला नको ते बोललो. शेजारी गेवराईकडच्या एक आजी ओलं इरकली लुगडं पिळत होत्या.

"पाय कर हिकडं."

कमरेच्या पिशवीतून सुई निघाली, दोरा ओवला गेला, आणि मी तोंड उघडायच्या आत सुई फोडाच्या एका अंगानं शिरून दुसऱ्या अंगानं बाहेर आली. दोरा तोडून दोन्ही टोकं बाहेर ठेवली. "ऱ्हाऊ दे आतच. पानी निथळतंय हळूहळू."

मग वहीवर नजर गेली. "हिशेब लिव्हतूस?"

मी देश सांगितला. का सांगितला, देव जाणे. घरी बायकोलाही धड सांगितला नव्हता. गोंड्यापर्यंत आलो तेव्हा त्यांनी अडवलं.

"सदा धुकं म्हंजी सदा ओल. मंग धुनं वाळतंय कशावर?"

मी गप्प.

"आन पाच गोंड्यावाल्याचा आंगरखा धुतंय कोन? ते लिव्हलंस का?"

नव्हतं लिहिलं. मला रागच आला. दोन वर्षं, सात कुळं, ऐंशी पानं, आणि बाईनं धरलं काय तर धुणं!

"ऊठ. ह्ये पदराकडनं धर."

लुगडं. बायका दोघी-दोघी मिळून ओल्या लुगड्याची टोकं धरून चालत वाळवतात, ते आठवडाभर बघत होतो. पण परक्या बाईचं लुगडं पुरुषानं धरायचं? मी इकडंतिकडं पाहिलं. "मायचं धरलं नसतंस का रं?" एवढंच म्हणून त्या चालायलाही लागल्या.

फोड विसरलो वगैरे काही नाही. पावलागणिक ठणकत होता. पण लंगडलो की लुगडं खाली झोळायचं आणि मागून आवाज यायचा, "वर धर, चिखल लागंल." वारा भरला की कापड फुगून तोंडावर यायचं, साबणाचा आणि धुराचा वास. त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवल्याशिवाय ते ताठ राहीना. पुढून "भानुदास एकनाथ"चा गजर येत होता आणि मी टाळ सोडून धुणं घेऊन चाललो होतो. मधलं अंग अर्ध्या तासात वाळलं, काठ मात्र शेवटपर्यंत दमट. परांड्याचा किल्ला दिसायच्या आत आजींनी घडी घातली, काखेत मारली आणि आपल्या बायांत निघून गेल्या. आभार वगैरे काही नाही.

रात्री कंदिलाशी लिहिलं: धुकेरीत कापड वाळवायला दोन माणसं लागतात, दोघांनी टोकं धरून टेकडीवरच्या वाऱ्यात चालायचं. एकट्याचे कपडे कायम दमट. म्हणून तिथं एकट्या माणसाला 'ओला' म्हणतात. गोंड्यांचं पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही, वही सुटी झाली असती.

पुढं अरणला सावता महाराज, मग करकंब, मग चंद्रभागा. कळसाला हात जोडून परतलो. तो भाग सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याआधी कुर्डूच्या मुक्कामात मात्र आजी आपणहून आल्या. टाच दाबून पाहिली. "धुन्याचं झालं का?" मी वाचून दाखवलं. 'ओला'वर मान हलवली, हसल्या नाहीत. त्या एकट्याच वारीला आल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

"पाऊस न्हाई म्हंतूस. मंग खातेत काय?"

माझ्याकडं लग्नातल्या पंगतीची तीन पानं होती. पिकाचा शब्द नव्हता.

"शाळू लाव की. त्यो दवावर येतोय."

"आजी, सगळा खडक आहे तिथं."

"मंग काळी टाक दोन हात. देश तुझाच हाय न्हवं?"