रिकाम्या काट्याचं शून्य

डिसेंबरातली रात्र, हंगाम भरात. साडेआठच्या सुमारास एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून फोन आला. "तुम्ही दुपारी बसवलेला कॉम्प्युटर उणे वजन दाखवतोय. गाड्या थांबल्यात, लगेच या."

काट्याजवळच्या जुन्या संगणकाची हार्डडिस्क गेली होती, म्हणून दुपारी मी नवा संगणक जोडला होता. काट्याचं वजन आकड्यांत पाठवणाऱ्या इंडिकेटरची सीरियल केबल लावली, सॉफ्टवेअर चालू केलं, पडद्यावर शून्य आलं. बाहेरच्या लाल आकड्यांच्या मोठ्या डिस्प्लेवरही शून्य होतं. दोन्ही जुळले, मी सही घेतली आणि निघालो.

परत पोचलो तेव्हा काट्यापासून रस्त्यापर्यंत ट्रॅक्टरांची रांग लागली होती. काटाघराच्या खिडकीशी चाळीस-पन्नास माणसं. एका ड्रायव्हरची पावती सगळ्यांच्या हातातून फिरत होती. भरलेलं वजन ३,०९०, रिकामं ९,६३०, निव्वळ उणे ६,५४० किलो. दोन ट्रॉल्या ऊस गव्हाणीत, म्हणजे कारखान्याच्या ऊस टाकायच्या खड्ड्यात, पडून गेलेला, आणि कागदावर उलट तोच कारखान्याला साडेसहा टन देणं लागतोय!

"साहेब, बाहेर तीस टन दिसलं नि पावतीवर तीन? माझा ऊस गेला कुठं?"

मागून दुसरा म्हणाला, "ह्याच्या पुढच्याचं तर बरोबर आलंय. माणूस बघून वजन करताय काय?"

हा प्रश्न मला फार लागला. ऊस पट्ट्यात काटामारीचा संशय काही उगाच आलेला नाही. शेतकऱ्याचा वर्षाचा हिशेब टनावर, बीडहून आलेल्या तोडणी मजुराची मजुरीही टनावरच. आणि इथं खरंच काहींचं वजन बरोबर, काहींचं चूक. निवडून केल्यासारखं.

काटा क्लार्कचं म्हणणं पोर्ट, म्हणजे संगणकाची केबल लावायची जागा, गेला, इलेक्ट्रिशियनचं म्हणणं केबल गेली. दोघांचंही मी तपासायला घेतलं. आधी वजनाचं सॉफ्टवेअर बंद केलं. एकाच पोर्टवर दोन प्रोग्रॅम वाचायला बसले की अर्धी अक्षरं हा पळवतो, अर्धी तो, आणि आपण भलत्याच दिशेला जातो. मग केबल काढून माझ्या पिशवीतला लूपबॅक प्लग लावला. नऊ पिनांचा कनेक्टर, आत २ आणि ३ नंबरच्या पिना एकमेकींना सोल्डर केलेल्या. तीनमधून पाठवलेलं दोनमधून परत येतं. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर एका खिडकीत आलेली अक्षरं दाखवणारी कॅट ही आज्ञा चालू ठेवली, दुसरीतून इको या आज्ञेनं एक ते शून्य आकडे पाठवले. दहाच्या दहा जसेच्या तसे परत आले. पोर्ट शाबूत.

पण लूपबॅकमध्ये बोलणारा आणि ऐकणारा एकच असतो. त्याचं स्वतःचं व्याकरण चुकलेलं असलं तरी त्याला ते समजतंच.

केबल परत लावली. लिनक्सचा सीरियल ड्रायव्हर किती अक्षरं आली-गेली त्याचा हिशेब ठेवतो, आणि फ्रेम, म्हणजे एका अक्षराची सुरुवात-शेवटाची चौकट, मोडली तर तेही नोंदवतो. तिथं एकही चूक नव्हती. केबल खराब असती किंवा वेग चुकला असता, तर इतक्या अक्षरांत चुका नोंदल्या गेल्याच असत्या. आता बघायचं होतं ते प्रत्यक्ष येणारं अक्षर. हेक्सडंप लावलं, ते प्रत्येक अक्षराचा कोड सोळाच्या पद्धतीत (० ते ९, मग ए ते एफ) दाखवतं. काटा रिकामा असताना सहा वेळा ३०, म्हणजे सहा शून्यं. रांगेतला पहिला ट्रॅक्टर वर घ्यायला सांगितलं. बाहेर लाल आकडे उमटले, ३१,६५०. पडद्यावर आलं: ३० ३३ बी१ ३६ ३५ ३०.

एकचा कोड ३१. इथं बी१. सोळाच्या पद्धतीत फरक बरोबर ८०, म्हणजे कोडच्या आठ बिटांपैकी (० किंवा १ च्या जागांपैकी) आठवा चढलेला.

मी कागद ओढला आणि शून्य ते नऊचे बिट लिहून काढले. ०, ३, ५, ६, ९ यांच्या कोडमध्ये १ असलेल्या बिटांची संख्या सम येते. १, २, ४, ७, ८ यांच्यात विषम. इंडिकेटर सात बिट आणि सम पॅरिटीवर, म्हणजे तपासणीच्या जादा बिटासह, बोलत होता. १ ची संख्या विषम असलेला आकडा आला की तो आठव्या जागी आणखी एक १ घालून ती संख्या सम करत होता. मी मात्र संगणकाला आठ बिट, पॅरिटी नाही, असं सांगून ठेवलं होतं. जुन्या डिस्कवरच्या नोंदी गेल्या होत्या, इंडिकेटरवरच्या चिठ्ठीवर फक्त ९६०० हा वेग लिहिला होता, आणि बाकीचं मी नेहमीचं म्हणून धरलं. दोन्ही पद्धतींत सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून एका अक्षराचे दहाच बिट होतात, म्हणून फ्रेमही मोडत नव्हती. सॉफ्टवेअरला बी१ हा आकडाच वाटत नव्हता, ते तो गाळून उरलेले जोडत होतं. ३१,६५० चे ३,६५० झाले. ३०,३५० मात्र अख्खं आलं. माणूस बघून नव्हे, आकडा बघून.

आणि रिकाम्या काट्यावर शून्याशिवाय काही येतच नाही. दुपारी मी जी चाचणी घेतली, तिच्यात ही चूक दिसणं शक्यच नव्हतं.

सॉफ्टवेअरच्या फाइलमध्ये सात बिट, सम पॅरिटी केलं. इंडिकेटरला वैधमापन खात्याचं सील असतं, त्याला हात लावायची गरज पडली नाही. तोच ट्रॅक्टर, पडद्यावर ३१,६५०. तरी रांग सोडायला मी तयार नव्हतो. कागदावर दहा आकडे लिहिले, आणि जो आकडा आत-बाहेर सारखा दिसेल त्यावर खूण करत गेलो. सात सर्वांत उशिरा आला, सहाव्या गाडीला. तोपर्यंत प्रत्येक ड्रायव्हरला खिडकीतून पडदा दाखवला.

तळावर उभ्या भरलेल्या गाड्यांपैकी ज्यांच्या पावत्या चुकल्या होत्या त्या परत काट्यावर घेतल्या. प्रश्न उरला गव्हाणीत ऊस टाकून बसलेल्याचा. त्याच्या पोरानं गाडी काट्यावर असताना बाहेरच्या डिस्प्लेचा मोबाइलवर फोटो काढला होता. ३०,१९०. मी क्लार्कला कागदावर मांडून दाखवलं. यातला १ हा आकडा गाळला की पावतीवरचे ३,०९० च उरतात. त्यानं शिफ्टच्या साहेबांना बोलावलं. मी त्यांनाही तेच दाखवलं आणि चूक माझ्या जोडणीतली आहे, असं लेखी दिलं. जुनी पावती रद्द झाली. नवीवर निव्वळ वजन २०,५६० किलो लिहिलं, खाली तिघांच्या सह्या. ड्रायव्हरनं ती दिव्याखाली धरून दोनदा वाचली, खिशात घातली आणि पोराला उठवायला ट्रॅक्टरकडे गेला.