मिसळीच्या रांगेत भेटलेली विक्रांत

पंचवटी, काळाराम मंदिर, गोदाघाट हे सगळं एका सकाळीत उरकलं. गर्दीत दर्शन कमी, धक्केच जास्त.

मग मखमलाबाद रोडला मिसळ. रविवार असल्यामुळे वेटिंग संपता संपेना आणि मी वैतागलो होतो. बाकावर शेजारी पंचाहत्तरी ओलांडलेले एक काका ताठ बसले होते. नाशकात असा माणूस दिसला की देवळालीचा तोफखाना नाहीतर ओझरचा एचएएलचा विमान कारखाना, एवढंच सुचतं. विचारलं, "तोफखान्यात होतात का?"

"नेव्ही," काका म्हणाले. "विक्रांत, विमानवाहू जहाज. फ्लाइट डेक, विमानं उडतात-उतरतात तो."

नंबर लागला तेव्हा एकाच टेबलावर बसलो. काकांनी ताट सरकवून पापड पुढे ओढला. हा डेक. चमचा उलटा धरला, ते सी हॉक लढाऊ विमान, आणि दांडा म्हणजे शेपटाखालचा हूक. चमचा पापडावर टेकवला नि झटक्यात थांबवला. "डेकवर ताणलेली तार हूकने पकडली तर आलास. नाही पकडली तर पुन्हा गगनात, फिरून ये."

१९७१ मध्ये विक्रांतच्या बॉयलरला भेग होती, त्यामुळे जहाजाला पूर्ण वेग घेता येत नव्हता. विमान सोडायचं तर डेकवर समोरून वारा हवा, आणि तो बराचसा जहाजाच्या वेगातून मिळवायचा. तरी ४ डिसेंबरला याच डेकवरून सी हॉक तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ल्याला गेली, मग चितगावच्या बंदरावर. विमानात एकच माणूस. लक्ष्यावर विमानविरोधी तोफा, परतताना खाली नुसतं पाणी, त्यात आपलं जहाज शोधायचं. स्क्वाड्रनचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोष कुमार गुप्ता यांना महावीर चक्र मिळालं. त्यांचं नाव घेताना काकांनी चमचा खाली ठेवला.

"नौदल दिन आला की सगळे कराचीवरचा हल्लाच सांगतात," काका कुरकुरले. "तारीख तीच ना आमची!"

मला हे पटलं. कराचीची मोहीम मलाही पाठ, कॉक्स बाजार आजच कळलं. जुनी विक्रांत २०१४ मध्ये भंगारात गेली, हे सांगताना मात्र त्यांनी पापड मोडून तर्रीत बुडवला आणि "तिखट आहे हां" म्हणून विषय बदलला.

दुपारची वाइनरी कशीबशी केली. ग्लासापेक्षा सेल्फीच महाग पडल्या.

आता गोव्याला जायचंय. तिथल्या नौदलाच्या विमान संग्रहालयात सी हॉक उभं आहे. बायको म्हणते, गोव्याला जाऊन विमान बघणारा तू एकटाच असशील.